ताप अंगावर काढू नका



पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांत फ्लूची साथ ठरलेलीच. शाळेतून एक मूल शिंकत घरी येते. तिसऱ्या दिवशी त्याची अम्मी तापाने फणफणते आणि आठवडाभरात दादीपर्यंत सगळे घर खोकू लागते. तरीही कामे थांबत नाहीत. "थोडा ताप आहे, गोळी घेतली आहे, जुम्याला जाऊन येतो." "लग्न घरचे आहे, नाही गेले तर लोक काय म्हणतील?" "मी झोपले तर पोळ्या कोण लाटणार?" ही तिन्ही वाक्ये आपल्या घरांत रोज ऐकू येतात आणि बोलणाऱ्याचे कौतुकही होते. आजार अंगावर काढणारा माणूस आपल्याला हिमतीचा वाटतो.

फ्लूच्या बाबतीत मात्र ही हिंमत महाग पडते, आणि बहुतेक वेळा तिची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते. तापातही कामावर जाणारा तिशीतला मुलगा पाच-सहा दिवसांत बरा होतो. त्याच्याकडून आजार घेतलेल्या मधुमेही अब्बांना मात्र न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून या वेळी औषधांबरोबर एका वेगळ्या गोष्टीवरही बोलायचे आहे. आजारी माणसाने घरी राहावे, हे आपण सर्व मिळून शक्य कसे करणार?

साधी सर्दी आणि फ्लू

सर्दी हळूहळू येते. आधी नाक, मग घसा, फार तर अंगात कणकण. फ्लू एकदम झडप घालतो. सकाळी धडधाकट असलेल्या माणसाला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. अंग ठेचून काढल्यासारखे दुखते, डोके ठणकते, कोरडा खोकला सुरू होतो आणि उठून पाणी पिण्याचेही त्राण राहत नाही. फ्लू इन्फ्लुएंझा नावाच्या विषाणूमुळे होतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणे दिसतात. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच माणूस तो इतरांना देऊ लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुले तर त्याहून जास्त दिवस देतात.

याचा अर्थ, कुणामुळे कुणाला झाला याचा हिशेब लावत बसणे व्यर्थ आहे. पाहुण्यांवर, सुनेवर किंवा शेजाऱ्यांच्या मुलावर बोट ठेवू नका. ताप आला आहे हे कळल्याच्या क्षणापासून आपण काय करतो, तेवढेच आपल्या हातात असते.

नावाने केलेली फसवणूक

२००९ साली एच१एन१ या नव्या विषाणूचा फ्लू आला आणि लोकांच्या तोंडी त्याचे नाव पडले 'स्वाईन फ्लू'. नावात डुक्कर असल्याने आपल्यापैकी अनेकांचा समज झाला की, आपण ते मांस खात नाही, तेव्हा हा आजार आपल्याला होणार नाही. आजही हे वाक्य अधूनमधून कानावर येते. या विषाणूची काही मुळे डुकरांतल्या विषाणूंत होती हे खरे, पण तो पसरत होता माणसाकडून माणसाकडे, खोकल्या-शिंकण्यातून. ताटात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

इजिप्तमध्ये त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा सरकारी आदेश निघाला. तेव्हा तिथे या फ्लूचा एकही रुग्ण नव्हता. जून महिन्यात विषाणू तिथे पोहोचलाच, तोही परदेशातून आलेल्या प्रवाशासोबत. दरम्यान कैरोतला ओला कचरा ज्या डुकरांना घातला जाई ती नाहीशी झाल्याने रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. चुकीच्या शत्रूवर धावून गेले की असे होते.

आपल्याकडे पहिला रुग्ण मे २००९ मध्ये हैदराबादेत आढळला. ३ ऑगस्टला पुण्यात एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतला तो देशातला पहिला मृत्यू. पुण्यातल्या शाळा आणि सिनेमागृहे बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात गणेशोत्सव आणि रमजान जवळपास एकाच वेळी सुरू झाले. दोन्ही समाजांपुढे प्रश्न एकच होता, गर्दीचे काय करायचे? जागतिक आरोग्य संघटनेने १० ऑगस्ट २०१० रोजी ती महामारी संपल्याचे जाहीर केले. पण विषाणू गेला नाही. तो नेहमीच्या हंगामी फ्लूत सामील झाला आणि अधूनमधून जोर धरतो. २०१५ साली महाराष्ट्राने पुन्हा त्याची मोठी साथ पाहिली. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ नावाच्या दुसऱ्या प्रकाराने लोकांना आठवडे-आठवडे खोकायला लावले.

"आजार लागत नसतो" म्हणणाऱ्यांसाठी

घरातले एखादे बुजुर्ग म्हणतात, "आजार अल्लाहच्या मर्जीने येतो, तो कुणाकडून कुणाला लागत नसतो." ते एका हदीसचा आधार देतात, आणि ती हदीस आहेच. पण हदीसच्या त्याच संग्रहांत प्रेषितांची (सल्ल.) अशीही ताकीद आहे की, आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांत नेऊ नयेत. उलमांनी या दोन्हींचा मेळ असा घातला आहे की, आजारात स्वतःची म्हणून काही ताकद नाही, सर्व काही अल्लाहच्या हुकमाने होते. पण त्याच अल्लाहने कारणे आणि उपायही निर्माण केले आहेत आणि त्यांची दखल घेणे माणसाचे कर्तव्य आहे.

हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. शामकडे जात असताना वाटेत सरग या ठिकाणी त्यांना कळले की पुढे प्लेगची साथ आहे. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, हे अल्लाहने लिहिलेल्या तकदीरीपासून पळणे नव्हे का? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडेच जात आहोत, एका बाजूला हिरवे आणि दुसऱ्या बाजूला ओसाड अशा खोऱ्यात मेंढपाळाने उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरीनेच असते. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी येऊन प्रेषितांची (सल्ल.) शिकवण सांगितली : साथ असलेल्या भागात जाऊ नये, आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून पळूनही जाऊ नये. या शिकवणीच्या दोन्ही बाजू पाहा. पहिली स्वतःला वाचवते, दुसरी इतरांना.

मशीद आणि मकतब

आजारी माणसाला जमातीची सूट आहे यात दुमत नाही. आजारपणामुळे जुम्याला जाता आले नाही तर घरी जुहर अदा करावी. खुद्द प्रेषितांनी (सल्ल.) अखेरच्या आजारात हजरत अबू बकर (रजि.) यांना इमामत करण्यास सांगितले होते. कच्चा कांदा-लसूण खाऊन आलेल्याने मशिदीपासून दूर राहावे असे सांगितले गेले, कारण त्या वासाचा शेजारच्या नमाजीला त्रास होतो. वासाची जिथे इतकी काळजी, तिथे तापाची किती असावी? म्हणून खोकत-शिंकत सफमध्ये उभे राहणे म्हणजे जास्तीचा सवाब, असे समजू नका.

मशिदीच्या व्यवस्थापनाने साथीच्या दिवसांत काही छोट्या गोष्टी कराव्यात. खिडक्या उघड्या ठेवा, बंद दालनातल्या एसीपेक्षा वाहती हवा बरी. वुजूच्या जागी साबण ठेवा. वुजूने स्वच्छता होते, पण हाताला चिकटलेला विषाणू नुसत्या पाण्याने पुरता जात नाही. आधी साबणाने वीस सेकंद हात धुऊन मग वुजू करावी. सर्दी-खोकला असलेल्याने हौजावर न बसता नळावर वुजू करावी आणि शक्यतो घरूनच करून यावे. सर्वांनी पुसायचा एकच टॉवेल, पाण्याच्या माठावरचा एकच ग्लास आणि दाराशी टोपलीत ठेवलेल्या सामायिक टोप्या काही आठवडे उचलून ठेवाव्यात. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी दोन मिनिटे सांगितले की ताप असलेल्याने घरी थांबावे, तर त्याचा जितका परिणाम होईल तितका भिंतीवरच्या दहा फलकांनी होणार नाही.

मकतब आणि मदरशांच्या वसतिगृहांत मुले खेटून बसतात, खेटून झोपतात. तिथे तापाच्या मुलासाठी वेगळी खोली, निदान वेगळा कोपरा हवा. तापामुळे गैरहजर राहिलेल्या मुलाला रागावू नये. सबक आठ दिवसांनीही पूर्ण होतो.

विचारपूस कशी करावी

आजाऱ्याची विचारपूस हा एका मुसलमानाचा दुसऱ्यावरचा हक्क आहे. तो हक्क फ्लूच्या काळातही राहतो, फक्त अदा करण्याची रीत बदलते. पलंगाभोवती दहा माणसांनी बसणे, रुग्णाच्या कपाळावर हात ठेवणे, सोबत नेलेल्या लहान मुलांनी त्याच खोलीत खेळणे, हे टाळा. फोन करा, दारातून हाक द्या, दुआ करा. मुसाफा आणि गळाभेटही काही दिवस थांबवा. तोंडाने सलाम केला तरी तो पूर्ण सलामच असतो. हात पुढे न करणाऱ्याचा राग मानू नका. तो तुमचीच काळजी घेत असतो.

आपल्याकडे एक चांगली रीत आहे. ज्या घरी मय्यत होते तिथे चूल पेटू न देता शेजारी-नातेवाईक जेवण पोहोचवतात. ही रीत तापाच्या घरासाठीही सुरू करायला काय हरकत आहे? घरातली बाई आजारी असेल तर दोन दिवस खिचडीचे किंवा शोरब्याचे पातेले दाराशी ठेवून यावे. दहा जणांच्या भेटीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

घरातली बाई

आपल्या घरांत आजारपणाचा सगळा भार बायकांवर पडतो. रात्री मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, सासऱ्यांना औषध द्यायचे, सर्वांसाठी रांधायचे. तिला स्वतःला ताप आला तर ती सांगत नाही. सांगितले तरी "गोळी घे आणि जरा पड" एवढ्यावर भागते आणि तासाभरात कुणीतरी चहा मागते. ती आजारी असताना स्वयंपाक करते तेव्हा फ्लू सगळ्या घराला वाढला जातो, हे निदान स्वार्थासाठी तरी पुरुषांनी लक्षात घ्यावे. प्रेषित (सल्ल.) घरकामात हातभार लावत, हे आपण मुलांना शिकवतो. ते करून दाखवण्याचे हे दिवस आहेत. घरात गरोदर सून असेल तर तिला रुग्णाच्या सेवेला अजिबात लावू नका. गरोदरपणात फ्लू जास्त धोक्याचा ठरतो. तसाच तो पाच वर्षांखालील मुले, साठी ओलांडलेले, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनाही धोक्याचा. यंत्रमागाच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे सुताची धूळ छातीत घेतलेल्यांनीही जपावे.

वेगळी खोली नाही, एका खोलीत आठ माणसे राहतात, मग वेगळे राहायचे कसे? जमेल तेवढे करा. रुग्णाचे अंथरूण खिडकीजवळ लावा. इतरांनी त्याच्या पायाकडे डोके करून झोपा. रुग्णाने मास्क किंवा स्वच्छ रुमाल बांधावा, शिंक-खोकला कोपराच्या घडीत घ्यावा. शिंकताना प्रेषित (सल्ल.) हाताने किंवा कपड्याने चेहरा झाकत, हे हदीसमध्ये आलेच आहे. ताट, ग्लास, टॉवेल वेगळे ठेवा. एका थाळीत सर्वांनी जेवणे थांबवा. सेवा एकाच सुदृढ माणसाने करावी. दाराच्या कड्या, नळ आणि मोबाइल रोज पुसा. ताप गोळीशिवाय उतरून पूर्ण चोवीस तास होईपर्यंत रुग्णाने बाहेर पडू नये.

औषध आणि धोक्याच्या खुणा

बहुतेकांचा फ्लू विश्रांती, भरपूर पाणी, पेज, सूप आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढ्यावर बरा होतो. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे दोन-तीन गोळ्या एकत्र घेऊ नका. मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नका; फ्लूमध्ये त्यामुळे मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. शेजारणीकडे उरलेल्या पाकिटातून दोन गोळ्या आणणे किंवा डॉक्टरांकडे "सलाईन लावाच" असा हट्ट धरणे सोडा. मध, कलौंजी, हळदीचे दूध, काढा जरूर घ्या, घशाला बरे वाटते. दुआही करा आणि दम केलेले पाणीही प्या, पण ग्लास वेगळा असू द्या आणि या साऱ्यामुळे दवाखान्यात जायला उशीर होऊ देऊ नका.

फ्लूवर ओसेल्टामिवीर हे औषध आहे. टॅमिफ्लू या नावाने ते अनेकांना ठाऊक आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे असते. म्हणून वर सांगितलेल्या जोखमीच्या व्यक्तींनी ताप आल्या दिवशीच डॉक्टरांना दाखवावे, "दोन दिवस बघू" म्हणू नये.

कोणत्याही रुग्णात पुढील खुणा दिसल्या तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा : दम लागणे, छातीत दुखणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, थुंकीतून रक्त, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, उतरलेला ताप पुन्हा चढून खोकला वाढणे. लहान मुलांत श्वास भरभर चालणे, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाणे, दूध-पाणी न घेणे, लघवी कमी होणे, झटके येणे किंवा मूल जागे न होणे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, पाठ असावा.

रमजानमध्ये फ्लू झाला तर कुरआनने आजाऱ्याला दिलेली सवलत घ्या, रोजे नंतर पूर्ण करा. अंगात पाणी कमी पडलेल्या तापकऱ्याने हट्टाने रोजा धरणे योग्य नाही.

लसीविषयी शंका

फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण आजार जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि जुनाट आजार असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून ती घ्यावी. २०१५ च्या साथीनंतर महाराष्ट्र सरकारने गरोदर महिला आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत देण्याचा निर्णय घेतला होता. आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात सध्या ती मिळते का, याची चौकशी करा.

ती हलाल आहे का, हा प्रश्न अनेकजणी दबक्या आवाजात विचारतात. तो मोकळेपणाने विचारावा. बहुतेक फ्लूच्या लसी कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार होतात. ब्रिटनमध्ये मुलांच्या नाकात फवारल्या जाणाऱ्या एका लसीत डुकराचे जिलेटिन असल्याने तिथल्या मुस्लिम पालकांत चर्चा झाली. त्यांना जिलेटिन नसलेल्या इंजेक्शनचा पर्याय देण्यात आला. आपल्यालाही शंका असेल तर डॉक्टरांकडून लसीच्या डबीतला माहितीचा कागद मागून घ्या, घटक वाचा आणि आपल्या भरवशाच्या आलिमना दाखवा. ऐकीव गोष्टीवरून लस नाकारू नका. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. मेनिंजायटिसची लस तिथे बंधनकारक असते, आणि लाखोंच्या गर्दीत जाणाऱ्या वृद्ध यात्रेकरूंसाठी फ्लूच्या लसीचीही शिफारस केली जाते.

रोजी बुडाली तर?

आता सर्वांत कठीण प्रश्न. मालेगाव-भिवंडीतला माग चालवणारा, हातगाडीवर फळे विकणारा, रिक्षा चालवणारा, चार घरी भांडी घासणारी बहीण यांना "पाच दिवस घरी राहा" सांगणे सोपे आहे. त्या पाच दिवसांची मजुरी कोण देणार? पोट सुटीवर जात नाही. ते तापात कामावर जातात ते बेफिकिरीने नाही, नाइलाजाने.

म्हणूनच फ्लूपासून बचाव हे एकट्याचे काम नाही. ज्यांच्याकडे माणसे कामाला आहेत त्यांनी तापाच्या दिवसांची मजुरी कापू नये. एका कामगाराच्या खोकल्याने सगळा कारखाना आजारी पडला तर नुकसान अधिक होते. मोहल्ला कमिटीने आणि मशिदीच्या बैतुलमालने साथीच्या दोन महिन्यांसाठी थोडी रक्कम बाजूला काढावी : गरजू तापकऱ्याच्या घरी आठवड्याचा शिधा, औषधाचा खर्च, दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षाभाडे. एकटे राहणारे म्हातारे-म्हाताऱ्या कोण आहेत याची गल्लीवार यादी असावी आणि रोज एका तरुणाने त्यांना फोन करावा. शेजारी कोणत्या धर्माचा आहे हे यात पाहायचे नसते, कारण शेजाऱ्याचा हक्क शेजारी म्हणून असतो आणि विषाणूही घरे निवडून शिरत नाही.

१९१८ च्या जून महिन्यात मुंबईत शिरलेल्या फ्लूने काही महिन्यांत देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेली, असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या घटली; जनगणनेच्या इतिहासात असे दुसऱ्यांदा घडलेले नाही. तेव्हा लस नव्हती, औषध नव्हते, न्यूमोनियावर उपाय नव्हता. आज हे सारे आहे. कमी पडते ती एकच गोष्ट : आजारी माणसाला निश्चिंतपणे झोपू देण्याची मोकळीक. ती आपणच एकमेकांना द्यायची आहे.

या महिन्यात आपल्या घरी एवढे ठरवा. ताप आलेला घरी राहील, त्याला कुणी टोमणा मारणार नाही, त्याचे काम दुसरा उचलेल. आणि शेजारच्या घरी ताप असेल तर संध्याकाळी एक डबा त्यांच्या दारात जाईल.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.